जकातीच्या वहीत निघालेले कार्ड

रमजानचे पहिले दहा रोजे झाले की आमच्या घरात एक जुनी वही कपाटातून बाहेर येते. ही जकातीची वही. ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी किंवा त्याहून जास्त शिल्लक ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने त्या शिलकीतले अडीच टक्के गरजूंना द्यायचे असतात. जकात वर्षात केव्हाही देता येते. पण रमजानमध्ये पुण्य अधिक, म्हणून बहुतेक घरांत हिशोब याच महिन्यात होतो. मी हायस्कूलमध्ये तीस वर्षे गणित शिकवले, त्यामुळे आमच्या नातेवाइकांत हा हिशोब करून देण्याचे काम माझ्याकडे आपोआप आले आहे.

यंदा अकराव्या रोजाला तरावीहची नमाज उरकून मी घरी आलो, तर भाचा ओसरीवर बसलेला. इथे मिरजेतच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. पगार एकतीस हजार. दरवर्षी बायकोच्या दागिन्यांचा हिशोब तो माझ्याकडून करून घेतो. यंदा मात्र वेगळाच प्रश्न घेऊन आला होता.

"मामू, कार्डाचं कर्ज जकातीतून वजा करता येतं का?"

मी म्हटले, "दागिने तिच्या मालकीचे, म्हणून जकात तिची. कर्ज तुझं. तिच्या सोन्यातून तुझं कर्ज वजा होत नाही. पण कर्ज आहे तरी किती?"

"असेल थोडं."

थोडे असते तर तो रात्री साडेदहाला आला नसता. बायकोने चहा आणून ठेवला, दोन खजूर ठेवले आणि ती आत निघून गेली. मग त्याने मोबाइल पुढे केला. चौऱ्याऐंशी हजार रुपये. ना त्याच्या आईला ठाऊक, ना बायकोला. गेल्या ईदची खरेदी कार्डावर झाली, एक फोन झाला आणि मग माझ्या बहिणीच्या गुडघ्याच्या उपचाराचा खर्चही त्यावरच झाला. त्यानंतर आठ महिने तो दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरत होता आणि आपण हप्ते नीट फेडतो आहोत असे समजत होता.

त्याने आणखी एक मेसेज दाखवला. दुसऱ्या एका बँकेचा. तुमच्या कार्डाची थकबाकी आमच्या कार्डावर आणा, तीन महिने व्याज शून्य टक्के. यालाच बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात.

"मामू, हे तर बिनव्याजी आहे. म्हणजे हे चालेल ना आपल्यात?"

हा सगळा प्रकार त्याच्या परवानगीने लिहितो आहे. 'पेपरात दे, माझ्यासारखे आणखी असतील,' असे तोच म्हणाला. ते खरेही आहे. रमजान असो, दिवाळी असो की लग्नसराई, कार्डाने कुणालाही जात-धर्म विचारून उधार दिलेले नाही.

आधी साधी वजाबाकी

चालेल की नाही हे सांगायला मी मुफ्ती नाही. ज्याला फतवा हवा त्याने उलेमांना विचारावे. व्याजाची अट असलेल्या करारावर सहीच करू नये, असे त्यांच्यातले अनेकजण सांगतील. पण माझा भाचा त्या विहिरीत आधीच पडला होता. बाहेर कसे यायचे, एवढाच माझ्यापुरता प्रश्न होता. त्यासाठी मी वहीचे कोरे पान काढले.

त्याच्या कार्डावर व्याज होते महिना साडेतीन टक्के. चौऱ्याऐंशी हजारांवर महिन्याचे व्याज होते २,९४० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५२९. एकूण ३,४६९. मिनिमम ड्यू थकबाकीच्या पाच टक्के धरला तर ४,२०० रुपये. म्हणजे या पठ्ठ्याने पगारातले बेचाळीसशे रुपये भरले की कर्ज कमी होणार सातशे एकतीस रुपयांनी. तेही त्या महिन्यात कार्डावर नवी खरेदी केली नाही तर. थकबाकी ठेवली की बिनव्याजी मुदत नव्या खरेदीलाही मिळत नाही. दूध घेतले तरी त्याच दिवसापासून व्याज सुरू. रोज कार्डाने पेट्रोल भरणाऱ्या माझ्या भाच्याचे कर्ज आठ महिन्यांत का हलले नाही, ते एवढ्यावरून कळते.

महिना साडेतीन टक्के ऐकायला लहान वाटते. वर्षाचे बेचाळीस होतात. व्याजावर व्याज धरले तर एक्कावन्न, आणि जीएसटी त्याहून वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डाच्या बिलावर सूचना छापावी लागते की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड कित्येक महिने, वर्षे लांबेल. सूचना त्याच्या बिलावरही होती. त्याने ती वाचली नव्हती. मीही माझ्या कुठल्या बिलावरची बारीक अक्षरे कधी वाचली होती?

आता त्या दुसऱ्या मेसेजकडे वळू. व्याज शून्य होते, पण खाली प्रक्रिया शुल्क दोन टक्के होते. चौऱ्याऐंशी हजारांवर १,६८०, अधिक त्यावरचा जीएसटी ३०२, मिळून १,९८२ रुपये. जुन्या कार्डावर तीन महिन्यांचे व्याज दहा हजारांच्या घरात गेले असते. तेव्हा ही सवलत खोटी नाही. हिशोबात खरोखर फायदा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण 'बिनव्याजी' हा शब्द जपून वापरावा. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. कार्डाच्या थकबाकीवरील शून्य टक्क्यांच्या हप्त्यांत व्याज बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली दडवलेले असते.

खरी अडचण पुढे आहे. तीन महिन्यांत चौऱ्याऐंशी हजार फेडायचे तर महिना अठ्ठावीस हजार हवेत. पगार एकतीस. उरलेल्या तीन हजारांत घर चालत नाही. म्हणजे चौथ्या महिन्यात पन्नास-साठ हजार त्या नव्या कार्डावर तसेच राहणार आणि त्यावर पुन्हा तोच साडेतीन टक्क्यांचा दर लागणार. मधल्या काळात जुने कार्ड रिकामे झालेले असेल आणि ईद समोर असेल. रिकामे कार्ड खिशात असले की काय होते, हे सांगायला गणिताच्या मास्तरची गरज नाही. एका कर्जाची दोन होतात.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

इथे मला थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. कारण भाच्याचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता.

आमच्याकडे 'कर्ज-ए-हसना' असा शब्द आहे. चांगले कर्ज, म्हणजे ज्यावर देणारा काहीही जादा घेत नाही. पवित्र कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह बकराच्या २८०व्या आयतीत धनकोला उपदेश आहे की कर्जदार अडचणीत असेल तर त्याचे दिवस पालटेपर्यंत त्याला मुदत द्यावी, आणि माफच केले तर ते अधिक चांगले. व्याजबंदी जाहीर करताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या अखेरच्या हजच्या प्रवचनात पहिले येणे रद्द केले ते स्वतःचे चुलते अब्बास यांचे. सुरुवात स्वतःच्या घरापासून केली.

ही शिकवण ऐकताना इथल्या मराठी माणसाला देहू आठवले तर नवल नाही. घरात सावकारी चालत आलेली असताना तुकाराम महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दामदुप्पटीचा नियम आपल्याकडच्या जुन्या हिंदू धर्मशास्त्रातला, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयेही तो मानत आली. ही मर्यादा कागदावर राहिली आणि शेतकरी पिचला, तेव्हा १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. त्या उठावानंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. व्याजाला कुठेतरी वेस हवी ही भावना कुण्या एका धर्माची नाही. या मातीत ती सगळ्यांची आहे.

आज ती वेस कुठे आहे? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते की कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे आयोगाचे काम नाही, तो रिझर्व्ह बँकेचा विषय आहे, असा त्यामागचा विचार. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण परिणाम असा की बेचाळीस टक्के घेणाऱ्याला आज कुणी अडवत नाही. गावातल्या सावकाराला परवाना लागतो, त्याच्या व्याजाला सरकारी मर्यादा असते. कार्डाला मॉलमध्ये टेबल मांडून बसता येते.

म्हणून भाच्याला मी एवढेच सांगितले. शब्द एकच असला तरी कर्ज-ए-हसना देणारा मनात म्हणतो, तुला सवड मिळो. शून्य टक्क्यांची सवलत देणारा धंदा करतो. काही ग्राहक मुदतीत फेडणार नाहीत, या अंदाजावर त्याचा नफा ठरलेला असतो. त्यात बेकायदा काही नाही. पण तुझे चुकणे हा ज्याच्या हिशोबातला जमेचा रकाना आहे, त्याच्याकडून घेताना तारखा भिंतीवर लिहून ठेवायच्या असतात.

अण्णांनी मांडलेला हिशोब

दुसऱ्या दिवशी इफ्तारला शेजारचे अण्णा आले. बँकेतून निवृत्त झालेले, पस्तीस वर्षे कर्ज विभागात काढलेली. दरवर्षी एकदा तरी आमच्याकडे रोजा सोडायला येतात आणि येताना कलिंगड आणतात. फळे संपली, नमाज झाली, तेव्हा भाच्याने स्वतःच त्यांच्यापुढे मोबाइल ठेवला. आदल्या रात्री मला सांगून झाल्याने त्याचा धीर वाढला असावा.

अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "तीन महिने तुला खरोखर किती भरता येतील? ईद धरून सांग."

बायकोला विचारल्याशिवाय हे सांगता येणार नव्हते. म्हणून तिला बोलावले, आणि त्या निमित्ताने तिला कळले. ती रागावली, रडली. मग म्हणाली की यंदा आम्हा दोघांना नवे कपडे नकोत, मुलीला तेवढे घेऊ. महिना साडेअकरा हजार निघतील असा आकडा तिनेच सांगितला.

म्हणजे तीन महिन्यांत साडेचौतीस हजार. अण्णा म्हणाले, "मग चौतीस हजारच नव्या कार्डावर न्यायचे. जेवढं मुदतीत फेडता येतं तेवढंच. एक रुपया जास्त नाही." त्यावर शुल्क आणि जीएसटी मिळून ८०२ रुपये. तेच चौतीस हजार जुन्या कार्डावर ठेवून तीन महिन्यांत फेडले असते तर व्याज सुमारे अठ्ठावीसशे रुपये गेले असते. वाचले दोन हजार. फार नाहीत, पण एका गॅस सिलिंडरपेक्षा नक्कीच जास्त.

उरले पन्नास हजार. तिथे मी बोललो. माझ्या निवृत्तीच्या पैशांतून तीस आणि माझ्या मोठ्या बहिणीकडून वीस, कर्ज-ए-हसना म्हणून. भाचा आधी नाही म्हणाला. "मामू, जकात असेल तर मला नको." मी सांगितले की जकात नाही, कर्ज आहे आणि परत द्यायचे आहे. मग कागद केला. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, त्याच सूरहची २८२वी, कर्जाचा लेखी करार कसा करावा आणि साक्षीदार कसे ठेवावेत याबद्दल आहे. हे सांगितले की माझ्या अनेक मुस्लिम मित्रांनाही आश्चर्य वाटते. आपण मात्र नात्यात कागद करायला लाजतो आणि मग दहा वर्षे अबोला धरतो. आमच्या कागदावर साक्षीदार म्हणून अण्णांची सही आहे. परतफेड चौथ्या महिन्यापासून, महिना चार हजार. आठ महिन्यांचा मिनिमम ड्यू जेवढा होता, जवळपास तेवढाच. फरक इतकाच की यातला प्रत्येक रुपया मुद्दलात जातो.

ज्यांना मामू नाही त्यांचे काय? अण्णांनी तेही मांडून दाखवले. हेच चौऱ्याऐंशी हजार वर्षाला पंधरा टक्क्यांच्या साध्या कर्जावर दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो सुमारे ४,०७३ रुपये. म्हणजे मिनिमम ड्यूपेक्षा कमी, आणि चोविसाव्या महिन्यात खाते बंद. व्याज तिथेही आहे, सुमारे पावणेचौदा हजार, आणि ज्याची श्रद्धा व्याजाला हात लावू देत नाही त्याला हा रस्ता पटणार नाही. पण बेचाळीस टक्क्यांत बुडालेल्या कुटुंबाला, मग ते कुठल्याही धर्माचे असो, पगारदार पतसंस्था किंवा बँकेचे हप्त्याचे कर्ज हा तीन महिन्यांच्या शून्यापेक्षा अधिक प्रामाणिक पर्याय ठरू शकतो.

आणि ज्यांना बॅलन्स ट्रान्सफर करायचेच आहे, त्यांनी अण्णांचे एवढे ऐकावे. शुल्क आणि जीएसटी मिळून किती, ते रुपयांत विचारा. मुदत संपल्यावर दर काय, ते लेखी घ्या. एक हप्ता चुकला तर सवलत रद्द होते का, ते विचारा. पैसे जुन्या कार्डावर जमा झाल्याचे दिसेपर्यंत तिथला हप्ता थांबवू नका. नव्या कार्डावर काहीही खरेदी करू नका. जुने कार्ड पूर्ण फिटले की बंद करायला सांगा. अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत ते बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये दंड तिनेच तुम्हाला द्यायचा असतो. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. बँकेने तीस दिवसांत तक्रारीचे उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

सहावा हिस्सेकरी

जाता जाता माझ्या मुस्लिम वाचकांना एक विनंती. जकात कुणाला द्यावी, हे कुरआनने नवव्या अध्यायाच्या साठाव्या आयतीत आठ प्रकारांत सांगितले आहे. गरीब आणि निराधार आपल्याला आठवतात. त्याच यादीत कर्जाच्या ओझ्याखाली दबलेला माणूसही आहे. त्याला आपण विसरतो, कारण तो फाटक्या कपड्यांत मशिदीच्या दाराशी उभा नसतो. तो इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या शेजारीच नमाजला उभा असतो आणि खिशातला फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो. जकात देताना ती जकात आहे असे घेणाऱ्याला सांगितलेच पाहिजे असे नाही, देणाऱ्याची नियत पुरते. ही सोय अशाच माणसाची लाज राखण्यासाठी आहे, असे मला वाटते. आपल्या मोहल्ल्यांतल्या जकात समित्यांनी यंदा राशनच्या किटांसोबत दोन-चार घरांचे असे कर्ज कायमचे मिटवले, तर पुढच्या रमजानला तीच घरे कदाचित जकात देणारी असतील.

आणि सगळ्याच वाचकांना आणखी एक. घरात कर्ज बोलून दाखवता येईल अशी एक जागा ठेवा. माझ्या भाच्याचे सर्वांत महाग व्याज साडेतीन टक्के नव्हते. आठ महिने आईसमोर हसत जेवणे, बायकोपासून फोन उलटा ठेवणे, हे त्याहून महाग होते. कुठल्याही बँकेची सवलत ते माफ करू शकत नाही. ते काम घरातल्याच माणसांचे आहे.

परवा तो येऊन गेला. पहिले साडेअकरा हजार भरल्याची पावती वहीत ठेवली. आईला सांगितलेस का, म्हणून विचारले. म्हणाला, "सांगितलं. आधी गप्प बसली. मग म्हणाली, माझ्या गुडघ्यापायी एवढं झालं आणि मला कळू दिलं नाहीस?"

यंदा ईदला त्याच्या घरी शीरखुर्मा होईल, कपडे फक्त मुलीला होतील. अण्णांना आमंत्रण गेले आहे. ते कलिंगड आणतील असा माझा अंदाज आहे.